धामणीची दोन लाकडं

धामण म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढं साप येतो. आमच्या घरात धामण म्हणजे लाकूड. आजऱ्याकडच्या रानात होणारं, चिवट, वाकवलं तर वाकणारं आणि सोडलं की पुन्हा सरळ होणारं. बैलगाडीच्या दांड्या त्याच्याच व्हायच्या, कुऱ्हाडीचा दांडाही त्याचाच. माझे वडील गडमुडशिंगीचे सुतार. गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, आम्ही अण्णा. ऐन उमेदीत त्यांनी गाड्या केल्या, औतं केली. मग ट्रॅक्टर आले आणि अण्णा दारं-खिडक्या करू लागले. शेडच्या माळ्यावर मात्र धामणीची लाकडं तशीच पडून राहिली. वाळत राहिली म्हणायला हवं.

एकदा कोल्हापुरातल्या एका तालमीचे वस्ताद तालमीचं दार करून घ्यायला आमच्या शेडमध्ये आले. ते पोरापोरींना मर्दानी खेळ शिकवायचे, लाठी, दांडपट्टा, तिरंदाजी वगैरे. दाराचं बोलणं चालू असताना त्यांची नजर माळ्यावर गेली.

"मिस्त्री, ही धामण हाय न्हवं? ह्येचं धनुष्य हुईल की."

अण्णांनी जन्मात धनुष्य केलेलं नव्हतं. पण साठी ओलांडलेल्या माणसानं ते मनावर घेतलं. पहिली तीन मोडली. चौथं टिकलं. त्यानंतर वर्षाला दोन-तीन धनुष्यं ते करत राहिले. मी तोवर लग्न होऊन कसबा बावड्यात आले होते, शाळेत भूगोल शिकवत होते. माहेरी गेले की शेडच्या भिंतीला एखादं धनुष्य टांगलेलं दिसायचं. छान आहे म्हणायचे आणि चहा ठेवायला आत जायचे. कधी हात लावला नाही.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. अण्णा काम करता करता शेडमध्येच पडले. शेजाऱ्यांनी फोन केला. अंगावरून वारं गेलं होतं, उजवी बाजू. दवाखान्यातून बाहेर आले तेव्हा पाय बऱ्यापैकी चालत होता. उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून असायचा. बोलणं येत होतं, पण शब्द अडायचे. पाणी मागायचं असलं की ओठ हलायचे, डोळे ताणले जायचे आणि शब्द आला तर यायचा, नाही तर हाताची खूण. आई जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ पुण्याला कंपनीत. म्हणून अण्णांना मी बावड्याला आणलं.

पहिल्या दिवशी दुपारी मी ताट वाढलं. भाकरी, वांग्याचं कालवण, बाजूला चमचा. अण्णांनी चमचा ढकलून दिला. मी म्हटलं, "मग हातानं जेवा." त्यांनी डाव्या हाताकडं पाहिलं आणि मान फिरवली. भरवायला गेले तर तोंड उघडलं नाही. रात्रीही तेच. माझे मिस्टर दूध संघात नोकरीला आहेत, शांत माणूस. ते नुसते म्हणाले, "राहू दे आजचा दिवस."

मला कारण माहीत होतं. मी जन्माची डावखुरी. लहानपणी मी डाव्या हातानं घास घेतला की अण्णा ओरडायचे, "डाव्या हातानं जेवत्यात व्हय?" ऐकलं नाही की आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन माझा डावा हात कमरेला बांधायचे आणि जेवण होईपर्यंत समोर बसायचे. मारलं कधी नाही. पण मी उजव्या हातानं जेवायला शिकले, लिहायला शिकले. फळ्यावर आजही उजव्याच हातानं लिहिते. शेडमध्ये मला फिरकू द्यायचे नाहीत, लाकूड तासायचा वाकस दाखवून "वाकस उलटा बसंल, बोटं तुटतील" म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन ताटं वाढली. एक त्यांच्यापुढं, एक माझ्यापुढं. आणि मी डाव्या हातानं भाकरी मोडली. पस्तीस-चाळीस वर्षांनी. हाताला सगळं आठवत होतं. मी मान खाली घालून जेवत राहिले. चिडवायचं नव्हतं मला त्यांना, आणि उट्टं तर अजिबात काढायचं नव्हतं. पण तसं वाटेल की काय अशी भीती होती. बऱ्याच वेळानं वर पाहिलं तर अण्णांच्या डाव्या हातात भाकरीचा तुकडा होता. कालवण शर्टावर सांडलं होतं. ते जेवत होते.



थंडी संपत आली तशी अण्णांची एकच धुसफूस सुरू झाली. "मुडशिंगी," म्हणायचे. "मुडशिंगीला ने." वस्तादांना दोन धनुष्यं द्यायची कबूल केली होती म्हणे. लाकडं काढून ठेवली होती, एकाला हातही घातला होता. मी म्हटलं, "अण्णा, वस्तादांना कळलंय तुमचं. ते काही म्हणत नाहीत."

"त्यो म्हणंना. मी म्हणतो."

रविवारी रिक्षा करून गेलो. शेड उघडली तर भुसा तसाच, चहाचा कप तसाच, तळाशी चहा वाळून काळा झालेला. शिकंज्यात एक लाकूड आवळलेलं होतं, माणसाच्या उंचीचं, मधे जाड आणि दोन्हीकडं निमुळतं होत गेलेलं. शेजारी भिंतीला टेकून दुसरं, अजून नुसतं फाळलेलं. अण्णा खुर्चीवर बसले आणि रंध्याकडं बोट केलं.

"घे."

"मी?"

"मग काय ह्यो हात घिऊ?" त्यांनी डाव्या हातानं उजवा उचलून दाखवला आणि मांडीवर परत सोडला.

मी रंधा उचलला. आपोआप डाव्या हातात आला. मी थांबले, आता ओरडतील म्हणून. अण्णांनी बघितलं. मग डोक्यानं खुणावलं, म्हणजे दुसऱ्या बाजूनं उभी राहा. शिकंज्याची ती बाजू डावखुऱ्या माणसाला सोयीची होती. मी जाऊन उभी राहिले.

धनुष्याच्या लाकडाला पाठ असते आणि पोट असतं. पाठ म्हणजे झाडाची साल होती ती बाजू. तिच्यावरची सगळ्यात बाहेरची वळी, म्हणजे झाडाच्या वाढीचं शेवटचं कडं, अख्खी राखायची, तिला हत्यार लागता कामा नये. एक रेघ जरी तुटली तरी तिथून चीर जाते. सगळं काम पोटाच्या बाजूनं. मधे मूठ, तिला हात लावायचा नाही. मुठीच्या वर एक पात, खाली एक पात. दोन्ही पाती सारख्या वाकल्या पाहिजेत, एवढाच सगळा खेळ. हे मला त्या दिवशी एका वाक्यात कळलं नाही. चार-पाच रविवार लागले, कारण सांगणाऱ्याला शब्द सापडायचे नाहीत आणि ऐकणारीला लाकूड कळायचं नाही.

भिंतीला एक फळी ठोकलेली होती, तिच्या डोक्यावर खाच आणि पायथ्याशी कप्पी. धनुष्य खाचेत आडवं ठेवायचं, दोरीला दुसरी दोरी बांधायची, ती कप्पीतून काढून लांब उभं राहून ओढायची. धनुष्य हळूहळू वाकतं. कुठं जास्त वाकतंय, कुठं ताठ राहतंय ते बघायचं. ताठ दिसेल तिथं काचेच्या तुकड्यानं चार हात खरवडायचे आणि पुन्हा ओढायचं. रंध्यानं जाड काम झालं की पुढं सगळं काचेनंच. केसासारख्या पातळ कातळ्या निघतात, पिवळसर, त्यांना ताकासारखा किंचित आंबूस वास येतो. मी शाळेतून दमून आले, घरचं आवरलं, तरी रविवारी सकाळी तो वास आठवायचा. मिस्टर हसायचे, "माहेरला चाललीस का कामाला?"

ओढायची मी, बघायचे अण्णा. खुर्चीतून बोट करायचे, मी जाऊन खरवडायचे.

होळीच्या आदल्या रविवारी ते लाकूड जवळजवळ झालं होतं. खालची पात अजून जरा ताठ वाटत होती. मी काच घेऊन पातीच्या मधोमध खरवडत होते. अण्णा मागून "अं... अं..." करत होते. चालू दे म्हणताहेत असं मला वाटलं. हात रंगात आला होता. कातळ्या सरसर निघत होत्या. मग धनुष्य फळीवर चढवलं, लांब जाऊन दोरी धरली आणि ओढली.

आवाज इतका मोठा झाला की बाहेरचं कुत्रं ओरडत पळालं. खालची पात तुटून पत्र्यावर आदळली. माझ्या हातात नुसती दोरी.

मला रडू यायच्या आधी राग आला. "अण्णा, तुम्ही बघत होता की! सांगायचं न्हाय व्हय? इतकं महिनाभर केलं मी!" आमच्याकडं बायकाही 'येतो, जातो, करतो' म्हणतात, पण शाळेत शिकवून शिकवून माझं बोलणं पुस्तकी झालंय. रागात मात्र ते पुन्हा मुडशिंगीचं झालं. "तुम्हाला दिसत हुतं. तुम्ही गप बसला!"

मी शेडला कुलूप लावलं. परतीच्या रिक्षात आम्ही शेजारी बसलो होतो, मी बाहेर बघत होते. ताराराणी चौक गेला. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागं रिक्षा रखडली. आणि अण्णा एकदम म्हणाले, "गाठ."

"काय?"

"गाठ. तितं गाठ हुती." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "शब्द... आला न्हाय. आत्ता आला."

मी त्यांच्याकडं बघितलं. गाठ हा दोन अक्षरांचा शब्द. तो शोधत ते त्या खुर्चीत बसले होते, मी खरवडत असताना, आणि शेडपासून चौकापर्यंत रिक्षातही शोधतच होते. मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. त्यांना तो कळत होता की नाही, माहीत नाही. घरापर्यंत सोडला नाही.

पुढच्या रविवारी जाताना मी त्यांची काठी बरोबर घेतली. म्हटलं, "अण्णा, शब्द राहू द्या. थांब म्हणायचं असलं की काठी आपटा. पत्र्यावर, जमिनीवर, कशावर पण."

"डोसक्यात?" अण्णा म्हणाले. आजारपणानंतर केलेली ती त्यांची पहिली थट्टा.

दुसरं लाकूड आम्ही अगदी मुळापासून केलं. मे महिन्याची सुट्टी लागली आणि मी रोज जाऊ लागले. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. आधी तुटलेल्या लाकडाचे तुकडे अण्णांनी माझ्यापुढं ठेवायला लावले. मोडलेल्या जागी बोटाच्या नखाएवढी काळसर गाठ होती. तिच्या भोवतीच्या रेघा पाण्यानं दगडाला वळसा घालावा तशा वळून गेल्या होत्या. अशा जागी लाकूड थोडं जास्त ठेवायचं असतं. मी तेवढीच जागा सपाट करून टाकली होती. अण्णांनी ती गाठ माझ्या अंगठ्याखाली धरून ठेवली, बराच वेळ. मग नव्या लाकडावर माझा अंगठा फिरवायला लावला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तीन गाठी सापडल्या. चौथी त्यांनी दाखवली.

वाकस मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. बोटं काही तुटली नाहीत. काठी मात्र दिवसातून पंधरा-वीस वेळा वाजायची. कधी मला कारण कळायचं, कधी नाही. नाही कळलं की मी लाकूड त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवायचे, ते डाव्या हातानं चाचपून जागा दाखवायचे. त्यांचा डावा हातही हळूहळू हुशार होत होता. सुट्टी अर्धी संपली तेव्हा ते स्वतः काच धरून थोडं थोडं खरवडू लागले. वाकडंतिकडं खरवडायचे, मी मागून सारखं करायचे. कधी कधी तासभर आमच्यात एकही शब्द व्हायचा नाही. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशींच्या साखळ्या वाजायच्या, काचेचा खर्र-खर्र आवाज चालायचा. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात निवांत दिवस होते, हे मला तेव्हाही कळत होतं.

शेवटी अण्णा म्हणाले, "झालं." जवसाच्या तेलाचे हात दिले, नायलॉनची दोरी चढवली आणि मी वस्तादांना फोन केला.

वस्ताद मोटारसायकलवरून आले. दणकट माणूस, केस पांढरे, आवाज तालमीतला. शेडच्या दारातूनच ओरडले, "काय मिस्त्री, उटून बसला की!" मग धनुष्य हातात घेतलं. आधी पाठीवरून बोट फिरवलं, मग पोटावरून. ओढलं, हळू सोडलं. पुन्हा ओढलं, तसंच ताणून धरून मान तिरकी करून दोन्ही पातींकडं बघितलं. मी पदराला हात पुसत उभी होते. हात कोरडेच होते.

"मिस्त्री, ह्यो तुमचा हात न्हवं."

"न्हाय," अण्णा म्हणाले. "हिचा."

वस्तादांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता शाबासकी देतील. ते म्हणाले, "ताई, चांगलं झालंय. पण वरची पात ताठ हाय. हितं." त्यांनी अंगठा ठेवला. "असंच वापरलं तर खालची दमंल आणि वरसाभरात जाईल. म्या असं न्हेणार न्हाय. पंधरा दिसांनी येतो, बघा सुदरतंय का."

"मला बी तसंच वाटत हुतं," अण्णा झटकन म्हणाले. इतकं अख्खं वाक्य त्यांच्या तोंडून न अडता आलेलं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

वस्ताद चहा पिऊन गेले. मी धनुष्य उचलून उजेडात धरलं. मला काही दिसत नव्हतं.

"अण्णा, तुम्हाला वाटत होतं तर झालं म्हणून का सांगितलंत?"

अण्णा जमिनीकडं बघत होते. मग म्हणाले, "न्हवतं दिसत."

"म्हणजे?"

"त्येच्यापुढं बोललो नुस्ता. डोळं..." शब्द अडला. मी थांबले. आता मला थांबायची सवय झाली होती. "डोळं बी पयल्यासारकं ऱ्हायलं न्हाईत. दोनी पाती सारक्याच दिसत्यात मला." थोड्या वेळानं म्हणाले, "आता बघायचं बी तूच."

गावात ज्यांच्या नजरेची ओळंब्याशी बरोबरी करायचे, त्या माणसाच्या तोंडचं हे बोलणं. त्यांना ते सांगायला किती जड गेलं असेल, ते मी विचारलं नाही. "बरं," एवढंच म्हटलं.

अडचण अशी होती की दोरी ओढणारी मी आणि बघणारीही मीच. मग मी भिंतीत एक खिळा मारला, दोरी ओढून त्याला अडकवली आणि लांब जाऊन धनुष्याकडं बघत उभी राहिले. जास्त वेळ ताणून ठेवता येत नाही, लाकूड दमतं. चार श्वास, की सोडायचं. पहिले दोन दिवस मला एक वाकडी काठी दिसत होती, बस्स. तिसऱ्या दिवशी मिस्टरांचा फोन आणला, फोटो काढला, फोटो उलटा करून बघितला. उलटा धरल्यावर डावीकडची वरची पात उजवीकडं आली आणि तिच्यातली ती जागा एकदम उघडी पडली. चार बोटांचा सपाट तुकडा, बाकी सगळं गोल. भूगोलाच्या वर्गात मी पोरांना नकाशा उलटा धरून बघायला सांगते, आपलीच नदी नवी दिसते म्हणून. मला हसू आलं. आणि एकदा दिसल्यावर मग फोटोची गरज उरली नाही. सुलट्या धनुष्यातही ती जागा ठळक दिसू लागली, इतके दिवस कशी दिसली नाही असं वाटण्याइतकी.

मग काच घेतली. चार हात मारायचे, बघायचे. दोन हात, बघायचे. शेवटी शेवटी तर एकच. अण्णांनी त्या दिवसांत एकदाही काठी आपटली नाही. खुर्ची त्यांनी दाराकडं तोंड करून घेतली होती.

वस्ताद पंधरा दिवसांनी आले. ओढलं, ताणून धरलं, मान तिरकी केली. "आता ऱ्हायली न्हाय तक्रार," म्हणाले. आणि मग तालमीतल्या आवाजात, "ताई, दुसरं कवा देताय?"

मी म्हटलं, "दुसरं होतं ते मोडलं. लाकूड बघावं लागेल."

"माळ्यावर हाय," अण्णा दाराकडून म्हणाले.

याला आता दोन वर्षं होत आली. अण्णा मुडशिंगीला परत राहायला गेलेत. शेजारची काकू दोन वेळचं बघते. भावाला ते पटलं नव्हतं, मला पटलं. रविवारी मी जाते. वस्तादांना मी तीन धनुष्यं दिली, त्यातलं एक तालमीतल्या पोरीच वापरतात. आणखी एक करताना मोडलं, चूक माझी होती आणि कुठं चुकलं तेही मला कळलं. सध्या चालू आहे त्या लाकडात खालच्या टोकाला एक आडवी रेघ आहे, ती बघून मी थोडी बिचकून आहे.

अण्णा शेडमध्ये फारसे येत नाहीत. बाहेर पिंपळाच्या पारावर गावातल्या म्हाताऱ्यांबरोबर बसतात, डाव्या हातानं शेंगा फोडून खातात, शब्द अडला की बाकीचे पुरवतात. कधी चुकीचा पुरवतात, मग त्यावर सगळे हसतात. दुपारी मी चहा घेऊन जाते तेव्हा विचारतात, "कुटवर आलं?" मी सांगते. ते मान हलवतात आणि पुन्हा गप्पांत शिरतात.